थायरॉइडचं पेव: एका फॉलिकलच्या आत काय चालतं

शरीरातल्या बहुतेक अंतःस्रावी ग्रंथी आपला हॉर्मोन एकतर लागेल तसा ताजा बनवतात, नाहीतर पेशीच्या आत बारीक पिशव्यांत थोडासा धरून ठेवतात. थायरॉइडचं तसं नाही. ती आपला माल पेशीच्या बाहेर काढते, चहूबाजूंनी बंद जागेत भरते आणि दोन ते तीन महिने पुरेल एवढा साठा कायम हाताशी ठेवते. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात भरून ठेवायची जुनी रीत, तसंच हे पेव, फक्त प्रत्येक पेव, म्हणजे एक फॉलिकल, जेमतेम ०.२ मिलीमीटरचं आणि अशी पेवं लाखो. हा साठा नीट समजला की गलगंड का होतो, औषध सुरू होऊनही धडधड लगेच का थांबत नाही, सुईच्या तपासणीत काही गाठींचा निकाल का लागत नाही, हे सगळं आपोआप उलगडत जातं. म्हणून आधी पेव, मग रिपोर्ट.

ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कडीच्या आसपास बसलेली असते. दोन बाजूंना दोन खंड, मध्ये त्यांना जोडणारी पट्टी. मोठ्या माणसात वजन १५ ते २५ ग्रॅम, प्रत्येक खंड चार-पाच सेंटिमीटर लांब. ती श्वासनलिकेला पातळ आवरणाने बांधलेली असते, म्हणून घोट गिळताना वर-खाली होते. डॉक्टर पाण्याचा घोट घ्यायला सांगून गळ्याकडे बघतात ते यासाठीच. गिळताना हलणारी गाठ बहुतेक वेळा थायरॉइडची असते.

स्लाइडवर काय दिसतं

ग्रंथीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या जोडरंगाने रंगवतात. मायक्रोस्कोपखाली कमी पॉवरवर गोल-लंबगोल गुलाबी चकत्या एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात. प्रत्येक चकती म्हणजे एका फॉलिकलचा छेद. मधला एकसारखा गुलाबी भाग म्हणजे कोलॉइड, साठवलेला माल. भोवतीची जांभळट ठिपक्यांची किनार म्हणजे फॉलिकल पेशींचा एकेरी थर, आणि ते ठिपके पेशींची केंद्रकं. थराच्या बाहेर पातळ पायापटल आणि त्याला चिकटून केशवाहिन्यांची दाट जाळी. या ग्रंथीला वजनाच्या मानाने रक्त फार मिळतं, दर ग्रॅमला मिनिटाला सुमारे ४ ते ६ मिलिलिटर. शस्त्रक्रियेत सर्जन इथल्या रक्तवाहिन्या इतक्या जपून बांधतात त्यामागे हा आकडा आहे.

पेशींच्या उंचीवरून ग्रंथी किती राबते आहे ते कळतं. निवांत फॉलिकलमध्ये पेशी चपट्या, कोलॉइड भरपूर आणि गडद. बेताचं काम असेल तर पेशी चौकोनी. जोरात काम चालू असेल तर पेशी उभट होतात, कोलॉइड फिकट पडतं आणि पेशींना लागून त्याची कड कुरतडल्यासारखी दिसते, कारण पेशी तिथून माल उचलत असतात. इथे नवशिक्याची हमखास फसगत होते. फॉर्मालिनमध्ये कोलॉइड आकसतं आणि कडेला सलग मोकळी फट पडते, ती फट म्हणजे कुरतडणं नव्हे. कुरतडलेल्या कडेला छोटे छोटे गोल खळगे असतात, आणि शेजारच्या पेशी उभट असतात. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच ग्रंथी जोरात चालली आहे असं म्हणायचं.

फॉलिकलच्या भिंतीत अधूनमधून एक वेगळी, फिकट पेशी असते: सी-पेशी. ती पायापटलाच्या आतच असते, पण कोलॉइडपर्यंत पोहोचत नाही. तिचा आयोडीनशी काही संबंध नाही. ती कॅल्सिटोनिन नावाचा वेगळाच हॉर्मोन बनवते. या पेशी खंडाच्या वरच्या आणि मधल्या भागाच्या सीमेवर जास्त सापडतात. कर्करोगाच्या भागात त्या पुन्हा येतील.

आयोडीनचा प्रवास

रक्तात आयोडीन आयोडाइडच्या रूपात असतं, आणि तेही फार विरळ. फॉलिकल पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप आहे, सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर. तो दोन सोडियमसोबत एक आयोडाइड आत ओढतो आणि पेशीत त्याचं प्रमाण रक्ताच्या वीस ते पन्नास पटींपर्यंत नेतो. कोबी, फ्लॉवर, मुळा यांतून शरीरात तयार होणारं थायोसायनेट या पंपाच्या दारात आयोडाइडशी स्पर्धा करतं. सिगारेटच्या धुरातूनही तेच येतं.

आत आलेलं आयोडाइड पेशीच्या दुसऱ्या बाजूने, पेन्ड्रिन नावाच्या वाहकामार्फत, कोलॉइडच्या कडेला सोडलं जातं. तोवर त्याच पेशीने थायरोग्लोब्युलिन नावाचं अवाढव्य प्रथिन बनवून कोलॉइडमध्ये ओतलेलं असतं. त्याचं रेणुवजन ६ लाख ६० हजार. त्याच्या साखळीत टायरोसिन हे अमिनो आम्ल जागोजागी गुंफलेलं असतं. पेशी आणि कोलॉइड यांच्या सीमेवर थायरॉइड पेरॉक्सिडेज (टीपीओ) हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने आयोडीन टायरोसिनवर चढवतं. एक आयोडीन चढलं की एमआयटी, दोन चढली की डीआयटी. मग तेच एन्झाइम त्यांच्या जोड्या लावतं: दोन डीआयटी मिळून टी-४, एक एमआयटी आणि एक डीआयटी मिळून टी-३. हे दोन म्हणजेच थायरॉइडचे हॉर्मोन. हे सगळं होताना माल थायरोग्लोब्युलिनच्या साखळीतच अडकलेला राहतो. एवढ्या मोठ्या रेणूतून शेवटी तीन-चारच टी-४ निघतात, आणि टी-३ तर दर पाच रेणूंमागे सुमारे एक.

माल हवा असेल तेव्हा पेशी कोलॉइडचा थेंब गिळते, लायसोसोममधली एन्झाइमं साखळी तोडतात आणि सुटे झालेले टी-४, टी-३ रक्तात जातात. न वापरलेल्या एमआयटी-डीआयटीवरचं आयोडीन तिथेच काढून पुन्हा कामाला लावलं जातं. एखाद्या बाळात हे परत वापरण्याचं एन्झाइम जन्मतःच नसेल तर आयोडीन लघवीतून निघून जातं आणि गलगंड होतो.

ग्रंथी दिवसाला साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी-४ सोडते, टी-३ मात्र ५-६ मायक्रोग्रॅमच. शरीराला लागणारं सुमारे ८० टक्के टी-३ बाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी-४ वरचं एक आयोडीन काढून तयार होतं. पेशीत जाऊन जनुकांना हुकूम देतं ते टी-३. टी-४ हा रक्तात फिरणारा राखीव साठा, त्याचं अर्धायुष्य सात दिवस. टी-३ चं एक दिवस. रक्तातलं ९९ टक्क्यांहून जास्त हॉर्मोन प्रथिनांना चिकटलेलं असतं, म्हणून गर्भारपणात ती प्रथिनं वाढली की टोटल टी-४ चा आकडा फुगतो. फ्री, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं, टी-४ मागवायचं ते यासाठी. आणखी एक: अतिदक्षता विभागातल्या गंभीर आजारी माणसात शरीर स्वतःहून टी-३ कमी करतं. तिथे आलेल्या एका रिपोर्टवरून थायरॉइडचा आजार ठरवू नये.

या सगळ्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीचा टीएसएच हा हॉर्मोन हुकूम चालवतो. फ्री टी-४ निम्मं झालं तर टीएसएच दुप्पट होत नाही, शंभर पटींपर्यंत चढतो. म्हणूनच पहिली तपासणी टीएसएचची. प्रौढांत साधारण ०.४ ते ४.५ ही सामान्य मर्यादा, लॅबनुसार थोडी वेगळी. टीएसएचने रेटा लावला की पेशी उभट होतात, वाढतात, नव्या होतात. हा रेटा वर्षानुवर्षं टिकला की ग्रंथी फुगते.

गलगंड आणि घरातलं मीठ

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. जमिनीतलं आयोडीन पाण्याबरोबर वाहून जातं. डोंगरउतारावरच्या, मुसळधार पावसाच्या जमिनी त्यामुळे हमखास गरीब होतात, आणि पूर येणारे नदीकाठही. महाबळेश्वर-कोयनेचा सह्याद्री आणि कृष्णाकाठ हे दोन्ही डोळ्यांसमोर आणले की आयोडीनसाठी शेतातल्या भाजी-धान्यावर विसंबून का चालत नाही ते कळतं. म्हणून ते मिठातून द्यायचं ठरलं. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, १९९२ मध्ये त्याचं नाव आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम असं झालं, आणि २००६ पासून खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकायला देशभर पुन्हा बंदी आली.

पाकिटातल्या मिठात ग्राहकाच्या हाती येईपर्यंत किमान १५ पीपीएम आयोडीन असायला हवं. म्हणजे एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम, आणि १० ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १५०. हिशोब काठावरचा आहे, म्हणून गळती परवडत नाही. दमट हवा, ऊन आणि उष्णता यांत आयोडीन कमी होतं. चुलीच्या कट्ट्यावर उघडी मिठाची वाटी, पावसाळ्यात पाणी सुटलेलं मीठ, फोडणीतच घातलेलं मीठ, सगळीकडे थोडंथोडं जातं. झाकणाचा कोरडा डबा घ्यायचा, तो शेगडीपासून लांब ठेवायचा, आणि मीठ स्वयंपाक होत आल्यावर घालायचं. लोणच्या-पापडासाठी आणलेलं जाडं मीठ आणि हल्ली आरोग्याच्या नावाखाली घरात शिरलेलं सैंधव, यांत पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असं छापलेलं नसेल तर आयोडीन धरू नका. रोजच्या भाजी-आमटीत सैंधव वापरणाऱ्या घरात गरोदर बाई असेल तर हा बदल आजच करायला हवा, कारण बाळाची स्वतःची ग्रंथी गर्भाच्या १०-१२ आठवड्यांनंतर काम सुरू करते. तोवर बाळाचा मेंदू आईच्या टी-४ वर घडत असतो.

माण-खटाव, जत, आटपाडी या भागांत रोजच्या ताटात बाजरीची भाकरी. बाजरीतली काही फ्लेव्होनॉइडं टीपीओला अडथळा करतात हे खरं, पण त्रास दिसतो तो जिथे आयोडीनही कमी आणि खाणं जवळपास बाजरीवरच, अशा ठिकाणी. आयोडीनचं मीठ पोटात जात असेल तर भाकरी सोडायचं कारण नाही. शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरचंही तेच.

आयोडीन कमी पडलं की स्लाइडवर आधी उभट पेशी आणि तुटपुंजं कोलॉइड दिसतं. पुढे रेटा कमी-जास्त होत राहिला की काही फॉलिकल कोलॉइडने तट्ट फुगतात, काही फुटतात, मध्ये रक्त साकळतं, चट्टे आणि कॅल्शियमचे खडे बनतात. बहुगाठी गलगंड म्हणतात तो हाच. अशा जुन्या गलगंडाला एकदम भरपूर आयोडीन मिळालं, उदाहरणार्थ सीटी स्कॅनच्या रंगातून, तर काही गाठी ताबा सोडून हॉर्मोन बनवू लागतात. स्कॅनच्या आधी ‘गळ्याला जुनी गाठ आहे’ एवढं सांगायचं विसरू नका.

पेव फुटलंय की कारखाना पेटलाय

टीएसएच शून्याजवळ, टी-४ वर, हाताला कंप, वजन घटतंय, छाती धडधडतेय. चित्र एकच, पण कारणं दोन, आणि उपचार अगदी वेगळे.

ग्रेव्हज आजारात शरीराने बनवलेली प्रतिपिंडं टीएसएचच्या रिसेप्टरवर बसून त्याच्यासारखाच हुकूम देतात, आणि तो थांबत नाही. पेशी उभट, घड्या पडून आत डोकावणाऱ्या, कोलॉइडची कड कुरतडलेली. इथे नवा माल बनतो आहे, म्हणून टीपीओ रोखणारं कार्बिमॅझोल लागू पडतं. पण ते बनवणं थांबवतं, साठ्याला हात लावत नाही. पेवातला माल संपेपर्यंत तीन ते आठ आठवडे जातात. तोवर धडधड आणि कंप आवरायला प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. दम्याच्या रुग्णाने आपला दमा आधी सांगायचा, कारण ही गोळी श्वासनळ्या आवळते. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

दुसरं कारण थायरॉइडायटिस: ग्रंथीला सूज येते, फॉलिकलच्या भिंती फुटतात आणि साठवलेला माल रक्तात सांडतो. विषाणूच्या आजारानंतर गळा दुखत येतो तो प्रकार, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षभरात न दुखता येतो तो, दोन्हीत हेच होतं. नवं काही बनतच नाही, त्यामुळे कार्बिमॅझोल देऊन उपयोग शून्य. माल काही आठवड्यांत ओसरतो, मग रिकाम्या पेवाचा काळ येतो, टीएसएच चढतो, आणि बहुतेकांत काही महिन्यांत गाडी रुळावर येते. बाळंतिणीची धडधड ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये आणि घाईने कार्बिमॅझोलही सुरू करू नये. फरक कळतो तो टेक्नेशियम स्कॅनने (ग्रेव्हजमध्ये ग्रंथी उजळते, थायरॉइडायटिसमध्ये जवळपास दिसतच नाही) किंवा टीएसएच-रिसेप्टर प्रतिपिंडांच्या चाचणीने. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी ही रक्तचाचणी सोयीची.

हाशिमोटो आणि सकाळची गोळी

जपानी सर्जन हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार आज थायरॉइड मंदावण्याचं मोठं कारण आहे. स्लाइडवर ओळखायला सोपा: फॉलिकलच्या मध्ये लिम्फोसाइट पेशींचे थवे, त्यांत लसिका गाठीत असतात तशी फिकट केंद्रं, उरलेली फॉलिकल बारीक आणि त्यांच्या पेशी फुगीर, दाणेदार गुलाबी. या फुगीर पेशींना हर्थल पेशी म्हणतात. त्या मायटोकॉन्ड्रियाने ठासून भरलेल्या असतात. रक्तात टीपीओ प्रतिपिंडं सापडतात. कारखानाच मोडत जातो, म्हणून बाहेरून टी-४, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन द्यायचं.

ग्रंथी पूर्ण बंद असेल तर डोस वजनाच्या दर किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलोला साधारण १००. वयस्कर आणि हृदयरोग असलेल्यांना १२.५ किंवा २५ पासून चढवत न्यायचं. सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्धा ते एक तासाने. हा चहाचा नियम मोडल्यामुळे डोस वाढवावा लागलेले रुग्ण फार. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या या गोळीपासून चार तास लांब हव्यात, हे गरोदर बायकांनी विशेष लक्षात ठेवायचं, कारण त्यांना तिन्ही चालू असतात. सोयाबीनचं पीठ किंवा चंक्स रोज खात असाल तर तेही गोळीपासून लांब. अर्धायुष्य सात दिवसांचं असल्याने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच तपासून काही कळत नाही. रक्त गोळी घेण्याआधी द्यायचं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी बंद, नाहीतर मशीन चुकीचा आकडा देऊ शकतं. बाटली उन्हाळ्यात खिडकीत किंवा गाडीत नको. गर्भ राहिल्याचं कळताच टीएसएच करायचा. डोस सहसा पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो.

नवजात बाळात ग्रंथी नसणं किंवा अर्धवट असणं वरून दिसत नाही. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी होते आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर मेंदू वाचतो. बाळंतपण जिल्हा रुग्णालयात असो की खासगी, ही चाचणी झाली का, हे डिस्चार्जआधी विचाराच.

गाठ, सुई आणि निकाल

गाठीची तपासणी सोनोग्राफी आणि मग बारीक सुईने (२३ ते २७ गेजची), म्हणजे एफएनएसी. रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने एक ते सहा अशा वर्गांत येतो. वर्ग एक म्हणजे नमुना अपुरा, ‘काही नाही’ असं नव्हे. दहा-दहा फॉलिकल पेशींचे निदान सहा पुंजके दिसायला हवेत. भरपूर कोलॉइड असेल तर तेवढ्यावरही गाठ साधी म्हणता येते. वर्ग दोन साधा, सहा कर्करोग.

वर्ग चार, ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’, आला की घरातले गोंधळतात आणि दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा सुई टोचून घेतात. त्यातून निकाल लागणार नाही. फॉलिक्युलर अॅडिनोमा (साधी गाठ) आणि फॉलिक्युलर कर्करोग यांच्या पेशी सारख्याच दिसतात. फरक एवढाच की कर्करोग गाठीचं आवरण भेदून बाहेर जातो किंवा रक्तवाहिनीत शिरतो. सुईत पेशी येतात, आवरण येत नाही. म्हणून तो खंड काढून गाठीच्या संपूर्ण आवरणाचे काप तपासावे लागतात.

पॅपिलरी कर्करोग सर्वांत जास्त आढळणारा, आणि योग्य उपचारांनी बहुतेकांत निकाल चांगला. तो केंद्रकांवरून ओळखतात: मोठी, एकमेकांवर चढलेली, मध्ये उभी खाच असलेली, आतून पोकळ वाटणारी. ही पोकळ चमक फॉर्मालिनमुळे येते, म्हणून सुईच्या नमुन्यात खाच आणि आतले गोल ठिपके शोधावे लागतात. ही खूण केंद्रकातच असल्यामुळे पॅपिलरी सुईने पकडता येतो, फॉलिक्युलर येत नाही.

मेड्युलरी कर्करोग सी-पेशींतून येतो. रक्तात कॅल्सिटोनिन वाढतं, आणि साधारण चौथाई रुग्णांत तो आनुवंशिक असतो, म्हणून आरईटी जनुकाची चाचणी रुग्णाची आणि पुढे नातेवाइकांचीही. त्यात रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, चालत नाही, कारण सी-पेशींना आयोडीनचा पंपच नाही.

ग्रंथी पूर्ण काढली की मागच्या बाजूच्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावू शकतात. त्या प्रत्येकी ३०-४० मिलिग्रॅमच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम लगेच तपासायचं. आणि मिरजेत, कराडला किंवा पुण्यात दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लेखी अर्ज करून मागून घ्या, कोरड्या डबीत, उन्हापासून लांब न्या. ब्लॉकमधून नवीन काप काढता येतात, रिपोर्टच्या कागदातून नाही.